तळ्यातलं बेट, एका दिवसात : आत्याला पळसदेवला न्यायचं आहे

नीरजा_प | १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

माझी आत्या पळसदेवची. जुन्या पळसदेवची, जे उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. लग्न होऊन ती १९७३ला बार्शीला गेली. गाव उठलं तेव्हा ती पहिल्या बाळंतपणात होती, त्यामुळे घर उतरवताना, पत्रे-वासे गाडीत भरताना तिनं पाहिलंच नाही. ती गेली तेव्हा गाव होतं, परत आली तेव्हा पाणी होतं. आता ती एकाहत्तर वर्षांची आहे. परवा कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पळसनाथाच्या देवळाचा व्हिडिओ पाठवला, चहूकडे पाणी आणि मधे देऊळ. तेव्हापासून तिनं एकच धरलंय, "मला एकदा तिथं ने."

दादा म्हणतो, पुन्हा व्हिडिओ दाखव, एवढ्या उन्हात कुठे नेतेस. मला ते पटत नाही.

तर प्रश्न असे: पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी, असं जमतं का? देऊळ पाण्यानं वेढलेलं असताना जावं की पाणी हटून जमीन झाल्यावर? आत्याचे गुडघे दुखतात, होडीत चढता-उतरता येईल का? बरोबर दुसरीतला मुलगाही असेल.

तुम्ही घरच्या मोठ्या माणसांना घेऊन तळ्यातल्या किंवा धरणातल्या कुठल्या बेटावर गेला असाल तर तेही लिहा. इतरांना उपयोग होईल.

---

भीमथडी | १२ फेब्रुवारी, रात्री १०:२५

ताई, मी भिगवणच्या बाजूचाच. जरूर या.

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं भिगवण साधारण शंभर किलोमीटर. तिथून इंदापूरकडे पुढं गेलं की हायवेलाच नवं पळसदेव लागतं. सकाळी सहाला निघालात तर नऊ-साडेनऊला काठावर. एका दिवसात आरामात होतं.

आता महत्त्वाचं. उजनीचं गणित बाकी धरणांसारखं नाही. मृतसाठाच, म्हणजे एरवी न वापरायचं तळातलं पाणी, ६३ टीएमसीच्या वर आहे. त्यामुळं आमच्याकडं 'धरण शून्यावर आलं' म्हणजे कोरडं पडलं असं नसतं. त्याच्याखाली 'वजा' सुरू होतं. पेपरात 'उजनी वजा १०', 'वजा २०' असं टक्क्यांत येतं ते हेच. भरल्या धरणात येऊन उपयोग नाही, देऊळ पाण्यात असतं. उन्हाळ्यात पाणी उतरत गेलं की आधी शिखर दिसतं, मग हळूहळू खालचं. त्यामुळं तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, पाणी बघून ठरवा. काठावरच्या माणसाला आदल्या दिवशी फोन करून विचारायचं, "शिखर किती उघडं आहे?"

होडी मच्छीमारांची असते. टुरिस्ट बोट, जेट्टी असलं काही डोक्यात ठेवू नका. काठावर होडी लागते, पाय थोडा भिजतो.

आणि गाळ. पाणी मागं सरकतं तिथं वरून भेगाळलेली जमीन दिसते, पाय ठेवला की आत गुडघाभर जातो. आत्यांना तर तिथं मुळीच चालवू नका. होडीवाल्याला दगडी उतार असेल त्या बाजूनं लावायला सांगा.

---

अवलिया_पाय | १२ फेब्रुवारी, रात्री ११:०२

माझं मत वेगळं. पाणी पूर्ण हटू द्या, मग जा. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी वजा ५०च्याही खाली गेलं होतं तेव्हा मी गेलो. देवळाला निवांत प्रदक्षिणा घातली. दगडी भिंती, त्यावर विटांचं शिखर, आवारात वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणशिळा. वीरगळावरची घोडेस्वाराची रेष इतकी स्पष्ट की काल कोरल्यासारखी. होडीतून लांबून पाहून यातलं काय कळणार?

---

भीमथडी | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

अवलिया, तुम्ही आलात ते दुष्काळाचं वर्ष होतं. तुम्हाला वीरगळ दिसले, आम्हाला जळालेला ऊस दिसला. तसं पाणी दरवर्षी हटत नाही आणि हटू नये. आत्यांना त्याची वाट बघायला लावू नका.

---

अवलिया_पाय | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:३३

खरं आहे. त्या अंगानं विचार केला नव्हता. शब्द मागे.

---

कुसुमताई | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:१५

नीरजा, मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, म्हणून हे लिहितेय.

होडीत चढणं तेवढं अवघड नाही, बसणं अवघड आहे. आडव्या फळीवर पाय दुमडून बसावं लागतं आणि अर्ध्या तासानं उठवत नाही. घरून एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल घेऊन जा. चढताना तेच पायरी म्हणून काठावर ठेवता येतं आणि होडीत मध्यभागी ठेवून त्यावर बसता येतं. होडीवाल्याला आधी विचारून घे. जुनी चादर घडी करून खाली घाल, म्हणजे स्टूल सरकत नाही.

दुसरं, बायकांनी सोयीचं आधीच बघून ठेवावं. काठावर काही नसतं. हायवेच्या हॉटेलात जाऊनच पुढे जा, नाहीतर आपण पाणी प्यायचं टाळतो आणि उन्हात चक्कर येते. मी हे भोगलंय.

तिसरं, नऊवारी नेसत असेल तर उत्तमच. गोल साडी असेल तर त्या दिवशी पंजाबी ड्रेस घालायला तयार कर.

---

पेठेतला | १३ फेब्रुवारी, दुपारी १:२०

एका दिवसातच काय, एका तासात पाहून होणारं तळ्यातलं बेट पुण्यातच आहे की. तळ्यातला गणपती! पर्वतीच्या पायथ्याला नानासाहेब पेशव्यांनी तळं करवलं तेव्हा मधे जमीन राखली होती, तीच सारसबाग. गणपतीची स्थापना सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ची. विसाव्या शतकात तळं आटवून बाग केली, पण नाव तळ्यातलाच राहिलं. माझी आजी सांगायची, तिच्या लहानपणी आजूबाजूला पाणी होतं.

दुसरीतल्या मुलाला आधी तिथे नेऊन "इथे पाणी होतं, आता जमीन आहे" हे दाखवा. मग पळसदेवला "इथे जमीन होती, आता पाणी आहे" हे दाखवा. त्याला कायमचं लक्षात राहील.

---

नीरजा_प | १३ फेब्रुवारी, दुपारी १:५१

पेठेतला, फारच आवडलं हे. रविवारीच नेते त्याला.
कुसुमताई, स्टूल लिहून घेतलं. आत्या नऊवारीच नेसते.

---

गड्ड्याची_जत्रा | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:०५

आमच्या सोलापूरचं सिद्धेश्वर मंदिर विसरू नका. तलावातच आहे, पण पुलावरून चालत जाता येतं, होडी लागत नाही. गुडघेदुखीवाल्यांना याहून सोपं नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी गर्दी असते, एरवी संध्याकाळी काठावर छान वारं सुटतं. आत्या बार्शीच्या म्हणजे त्यांनी शंभरदा पाहिलं असेलच.

---

रानवाट | १३ फेब्रुवारी, रात्री ९:१८

बेटाचा विषय निघालाय तर शिवसागर आणलाच पाहिजे. कोयना धरणाचा हा जलाशय जवळजवळ पन्नास किलोमीटर लांब आहे. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथून बोटीनं दीडेक तास आणि मग जंगलातून वासोटा किल्ला. वनखात्याची परवानगी बामणोलीत घ्यावी लागते, बरोबर नेलेलं प्लास्टिक मोजतात, संध्याकाळपर्यंत परतावं लागतं. पावसाळ्यात बंद. बोटीचं इंजिन बंद केल्यावर जी शांतता पसरते ती मी सह्याद्रीत दुसरीकडे कुठे अनुभवली नाही. एकदा पलीकडे जंगलातून भेकराचं ओरडणं ऐकू आलं, नावाड्यानं बोट तोंडावर ठेवून सगळ्यांना गप्प बसवलं आणि पाच मिनिटं आम्ही नुसते ऐकत होतो.

आई-वडिलांना घेऊन जायचं असेल तर वासोटा नको, चढ आहे. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरा, पंचवीस-तीस किलोमीटर. तिथं बोट क्लब आहे, लाइफ जॅकेट देतात, पलीकडं दत्ताचं देऊळ आहे. महाराष्ट्राचं मिनी काश्मीर म्हणतात ते उगाच नाही.

---

मोजमाप | १३ फेब्रुवारी, रात्री १०:४४

वासोटा बेट नाही हो. सह्याद्रीला जोडलेला डोंगर आहे, पलीकडून कोकणात उतरता येतं. बोटीनं जातो म्हणून बेट होत नाही.

---

रानवाट | १३ फेब्रुवारी, रात्री १०:५९

भूगोलात तुम्ही बरोबर. पण बोटीत बसलेल्या माझ्या सासूबाईंना विचाराल तर त्या बेटच म्हणतील. :)

---

कोयनाकाठ | १४ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

रानवाट, रागावून लिहीत नाही, पण 'मिनी काश्मीर' वाचलं की पोटात कालवतं.

आमचं गाव त्याच पाण्याखाली आहे. आजोबांचं. काही घरं वर डोंगरात सरकली, काहींना रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत जमिनी मिळाल्या. एका भावकीचे चार तुकडे झाले. आजही कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला दवाखान्यात जायचं तर लाँच बघावी लागते. तराफ्यावर जीप चढवून पलीकडं न्यायची, वारं असेल तर थांबायचं. तुम्ही ज्या पाण्यात तासभर फिरता ते आमचा रस्ता आहे.

या जरूर. आमच्या पोरांना बोटींवर रोजगार मिळतो, त्याचा आनंद आहे. पण नावाड्याला एवढं विचारा, "तुमचं गाव कुठं होतं?" तो हात करून दाखवेल. दोन मिनिटं त्या दिशेला बघा.

नीरजाताई, आत्यांना न्या. माझी आजी "एकदा बघू दे" म्हणत म्हणत गेली. आम्ही "पाण्यात काय बघणार?" म्हणत राहिलो.

---

रानवाट | १४ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

कोयनाकाठ, दहा वेळा गेलोय तिकडे आणि एकदाही हे विचारलं नाही. पुढच्या खेपेला विचारीन.

---

जुनं_ते | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:०७

कोयनाकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. मुळशीच्या काठावर शनिवार-रविवार काढायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे, की याच धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता आणि सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले होते? आपल्याकडची बरीचशी 'बेटं' म्हणजे बुडालेल्या डोंगरांची टोकं आणि देवळांची शिखरं आहेत.

---

इसारकाठची | १४ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

म्युनिकहून लिहितेय. मोठ्या माणसांसह बेटावर जाण्याचा माझा सगळ्यात चांगला अनुभव इथल्या कीमझे तळ्याचा.

गेल्या वर्षी जूनमध्ये आई-बाबा नाशिकहून आले होते. म्युनिकहून प्रीनला रेल्वेनं तासभर. स्टेशनाबाहेर एक छोटी वाफेची गाडी उभी असते, हिरवीगार, १८८७पासून चालतेय. दोनच किलोमीटर जाते, थेट बोटीच्या धक्क्यापर्यंत. बाबा रेल्वेत नोकरीला होते. ते इंजिनाजवळ जाऊन उभे राहिले ते हलेचनात. ड्रायव्हरला मराठी येत नाही, बाबांना जर्मन येत नाही, पण दोघं बॉयलरकडं बोट दाखवत दहा मिनिटं गप्पा मारत होते.

तळ्यात दोन मुख्य बेटं आहेत. मोठ्यावर, हेरेनइन्सेलवर, बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग यानं १८७८ला व्हर्सायच्या नमुन्यावर राजवाडा बांधायला घेतला. १८८६ला तो वारला आणि काम अर्धवट राहिलं. आरसेमहाल व्हर्सायपेक्षाही लांब आहे. एका बाजूला सोन्यानं मढवलेला जिना आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या विटा. राजा तिथं जेमतेम दहा दिवस राहिला हे कळल्यावर आई म्हणाली, "अगंबाई, आपण गणपती तरी दहा दिवस आणतो म्हणून आणतो. यानं एवढं बांधलं आणि दहाच दिवस?" धक्क्यापासून वाड्यापर्यंत चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, घोडागाडीही मिळते. आईला घोडागाडीत बसवलं.

पण मन रमलं ते छोट्या बेटावर. फ्राउएनइन्सेल. तिथं मोटार नाही. जोगिणींचा मठ आहे, सन ७८२चा. घरांपुढं फुलं, कोळ्यांच्या घराबाहेर धुरी दिलेल्या माशांचा वास. आईनं बांधून आणलेली पोळी-भाजी आम्ही धक्क्यावरच्या बाकावर सोडली. बदकं आली. आईनं पोळीचा तुकडा टाकायला हात उचलला, तर शेजारच्या आजीबाईंनी मान हलवून 'नको' अशी खूण केली. आईनं त्यांनाच एक पोळी दिली. त्यांनी खाल्ली!

कुणी येणार असेल तर एकच सांगते, परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या फोटो काढून ठेवा.

---

तांबूस_मेपल | १४ फेब्रुवारी, रात्री ८:४१

वा, इसारकाठची! मोटार नसलेलं बेट म्हटल्यावर मला मॅकिनॉ आठवलं. मिशिगनमध्ये, ह्युरॉन सरोवरात. १८९८पासून मोटारींना बंदी. सगळी ये-जा घोडागाडीनं आणि सायकलनं. बेटाला फेरी घालणारा रस्ता तेरा किलोमीटरचा, पूर्ण सपाट. माझ्या सत्तरीच्या काकांनी सायकलवर पुरी फेरी मारली, लहानपणी सांगलीत मारायचे तशी एका हातानं. गावात उतरताच घोड्याच्या लिदीचा आणि फज नावाच्या मिठाईचा वास एकत्र येतो. काका म्हणाले, "बाजारपेठेत आल्यासारखं वाटतंय." लोकांनी उन्हाळ्यातच जावं, थंडीत बोटी फार कमी होतात.

---

सारस्वत_बँकर नव्हे | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:४५

बदलीमुळे तीन वर्षं भुवनेश्वरला काढली, म्हणून ओडिशातल्या चिलिका सरोवराबद्दल.

बरकूलच्या धक्क्यावरून बोटीनं कालिजाई बेटावर जाता येतं. देवीचं देऊळ आहे, संक्रांतीला मोठी जत्रा भरते. तिथली गोष्ट अशी: जाई नावाची मुलगी, नुकतं लग्न ठरलेली. वडील तिला सासरी पोचवायला होडीतून निघाले, तळ्याच्या मधोमध वादळ आलं, होडी उलटली. सगळे वाचले, जाई सापडली नाही. तीच या बेटावरची देवी झाली, असं मानतात. आजही तिथले नावाडी बेटाजवळून जाताना हात जोडतात.

चिलिका बऱ्याच ठिकाणी पुरुषभरसुद्धा खोल नाही. तरीही तिथल्या लोकांची सगळ्यात मोठी दैवतकथा होडी उलटण्याचीच आहे. वाऱ्याला खोली लागत नाही, मोकळं पाणी लागतं.

---

भीमथडी | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

शेवटची ओळ आमच्या उजनीकाठी पाटीवर लिहून लावावी अशी आहे.

मंडळी, २१ मे २०२४ला कुगाव आणि कळाशीच्या मधे होडी उलटून सहा जण गेले. त्यात लहान लेकरंही होती. ते कुणी फिरायला आलेले नव्हते, रोजच्यासारखी पलीकडं ये-जा करणारी माणसं होती. संध्याकाळी अचानक वादळ उठलं. आमच्याकडं मे महिन्यात वळवाच्या आधी हे असंच होतं. दुपारपर्यंत पाणी आरशासारखं आणि चार वाजता धुळीची भिंत येताना दिसते. ती दिसल्यावर काठ गाठायला वेळ मिळत नाही.

म्हणून नीरजाताई, नियम एकच. सकाळी जा, अकरापर्यंत काठावर परत या. दुपारनंतर कुणी कितीही म्हणालं तरी होडीत पाय ठेवायचा नाही.

---

अवलिया_पाय | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:०१

लाइफ जॅकेटचं काय? मच्छीमारांच्या होडीत असतात का?

---

भीमथडी | १५ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

कुंभारगाव, डिकसळला फ्लेमिंगो दाखवणारे बहुतेक जण ठेवतात. एखाद्या मच्छीमाराकडं नसतीलही. नसतील तर घरून आणा, मुलाच्या मापाचं तर आणाच. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं की पाण्यात ते वर येतं आणि पोर खाली जातं.

---

कुसुमताई | १५ फेब्रुवारी, दुपारी १२:१०

आणि पट्टे बांध. नुसतं अंगावर अडकवून फोटो काढतात लोक. आत्या "गळ्याशी काचतं" म्हणेल, ऐकू नकोस.

---

खवय्या_खुर्द | १५ फेब्रुवारी, दुपारी १:३५

अवांतर: इतका वेळ भिगवण भिगवण चाललंय आणि माशांचं नाव कुणी काढेना! चिलापी फ्राय, मरळीचं कालवण, ज्वारीची भाकरी. भिगवणला थांबल्याशिवाय जाऊ नका.

---

भीमथडी | १५ फेब्रुवारी, दुपारी २:०२

खवय्या, या कधीही. पण खरं सांगायचं तर पूर्वीसारखी मरळ राहिली नाही. चिलापीच चिलापी. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी सगळं खाली आमच्याकडं येतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, हात घातला तर वास जात नाही. पुणेकरांनी फ्लेमिंगो बघायला यावं तसं हेही बघावं.

---

नीरजा_प | १५ फेब्रुवारी, रात्री ९:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कोयनाकाठ, तुमचा प्रतिसाद मी दादाला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, पण आज सकाळी त्यानंच मुलाच्या मापाचं जॅकेट मागवलं.

भीमथडी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघता का?

---

मोजमाप | ९ एप्रिल, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. नीरजा, जाऊन आलात का?

---

नीरजा_प | १३ एप्रिल, रात्री ११:२०

आलो. कालच गेलो होतो. उशीर झालाय पण आत्ताच लिहिते.

पहाटे साडेपाचला निघालो. आत्या आदल्या रात्रीच बार्शीहून येऊन राहिली होती. भिगवणच्या पुढे गेल्यावर ती बोलायची थांबली. काठावर पोचलो तेव्हा नऊ वाजायचे होते, वारं अजिबात नव्हतं. भीमथडींनी गाठ घालून दिलेले होडीवाले दादा चाळिशीचे असतील. स्टूल पाहून म्हणाले, "ही आयडिया चांगली हाय." कुसुमताई, स्टुलावर पाय ठेवून आत्या कुणाचा हात न धरता चढली.

पाणी बरंच उतरलं होतं. शिखर पूर्ण उघडं, भिंतींचा वरचा भागही, खालचं पाण्यात. विटांच्या फटींतून गवत उगवलेलं, एका कोपऱ्यात पाणकावळे पंख पसरून बसलेले. दगडावर पाण्याच्या पातळीच्या रेघा आहेत, एकाखाली एक. माझा मुलगा त्या मोजत होता.

उतरायचं नाही असं होडीवाल्यांनीच सांगितलं, दगड शेवाळलेले होते. मला वाटलं आत्याला वाईट वाटेल. ती म्हणाली, "नको उतरायला. मशीन बंद कर."

इंजिन बंद झालं. ती देवळाकडे पाहातच नव्हती. पाण्याकडे पाहात होती. मग देवळाचं तोंड कुठे आहे ते बघून तिनं हात केला. इथून खाली वेस. वेशीतून आत आलं की उजव्या हाताला तालीम, पुढे वाण्याचं दुकान, त्याच्या अलीकडे आमची गल्ली. होडीवाले दादा ऐकत होते. ते म्हणाले, "आजी, तुमी दावताय ना, तितं आमचं जाळं आडकतं. माझा बाप बी सांगायचा, त्या पट्ट्यात जाळं टाकू नको, फाटतंय. कशाला आडकतं ते काय ठावं नव्हतं."

आत्या म्हणाली, "चिरेबंदी भिंत आहे ती. पाटलांच्या वाड्याची. तिच्या पलीकडं आमचं घर मातीचं होतं, ते विरघळलं असंल."

मग त्या दोघांचंच सुरू झालं. ती विचारायची, "अन् इकडं? इकडं अडकतं का?" ते म्हणायचे, "न्हाय, हितं मोकळं हाय." ती म्हणायची, "बरोबर. तिथं खळी होती." ते म्हणाले, "त्या अंगाला एकदा गळ आडकला होता, निघालाच न्हाय." ती म्हणाली, "आड असंल." अर्धा तास असा गेला. ज्या गल्लीला ती बावन्न वर्षांत भेटली नव्हती, ती गल्ली त्यांच्या जाळ्याला रोज भेटते.

साडेदहाला दादांनी आभाळाकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं. अकराच्या आत काठावर. नव्या गावातल्या पळसनाथाचं दर्शन घेतलं. भिगवणला जेवलो. आत्यानं चिलापी खाल्ली आणि म्हणाली, आमच्या वेळी नदीत हा मासा नव्हता.

फोटो उद्या टाकते.

---

कोयनाकाठ | १४ एप्रिल, सकाळी ६:३०

दोनदा वाचलं. मग वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, आपल्याकडच्या पोरांनाही विचारा, जाळं कुठं कुठं अडकतं.

---

कुसुमताई | १४ एप्रिल, सकाळी १०:०५

आत्याला माझा नमस्कार सांग. गुडघे कसे आहेत आज?

---

नीरजा_प | १४ एप्रिल, सकाळी १०:४०

दुखताहेत. पण सकाळपासून कागद-पेन्सिल घेऊन बसलीय. माझ्या मुलाला शेजारी बसवून गावाचा नकाशा काढतेय. होडीवाल्या दादांना पाठवायचा आहे म्हणे, जाळं फाटू नये म्हणून.

---

गड्ड्याची_जत्रा | १४ एप्रिल, दुपारी १२:५०

आमच्या आईचं माहेरही करमाळ्याच्या बाजूनं पाण्यात गेलंय. होडीवाल्यांचा नंबर मिळेल का? आणि नकाशा झाला की त्याचाही फोटो टाका.

---

नीरजा_प | १४ एप्रिल, दुपारी १:१५

व्यनि केलाय. सकाळी सहा ते आठमध्ये फोन करा, नंतर ते पाण्यावर असतात.